मुलाचें मन आणि शाळेंतील दवाखाना

तेरा वर्षांची एक मुलगी. अभ्यासांत पहिली नव्हे, पण मागासलेलीहि नव्हे. गेल्या पांच आठवड्यांत शाळेंतील परिचारिकेच्या खोलीचें दार तिनें आठ वेळां ठोठावलें आहे. तक्रार एकच : पोटांत दुखतें. परिचारिका तिला घटकाभर निजविते, कोमट पाणी देते, ताप पाहते. ताप नसतो. अर्ध्या तासानें मुलगी वर्गांत परत जाते. गणिताचे शिक्षक म्हणतात कीं, अलीकडे हिचें लक्ष नसतें. आईला दिसतें कीं, रात्रीं फार उशिरांपर्यंत हिचा डोळा लागत नाहीं. मैत्रिणींना ठाऊक आहे कीं, मधल्या सुटींत ही डबा उघडतच नाहीं. आठवड्यांतून एकदां येणाऱ्या समुपदेशक बाईंच्या वहींत तिचें नांव आहे. पण पुढची भेट परीक्षेमुळें राहून गेली. पांच जणांपाशीं पांच तुकडे आहेत. संपूर्ण मुलगी मात्र कोणालाच दिसलेली नाहीं.

अशी मुलगी कोणा एका गांवची नव्हे. ती अमेरिकेंत सिएटलच्या शाळेंत सांपडेल, पुण्याच्या सांपडेल आणि बिहारमधील नालंदा जिल्ह्याच्या शाळेंतहि सांपडेल. तिच्याभोंवतालचीं माणसें निष्ठुर नाहींत. उलट प्रत्येक जण आपापलें काम मनापासून करीत आहे. तरीहि ती मुलगी सर्वांच्या हातांतून निसटून जात आहे. हें कसें घडतें आणि तें टाळण्याचा मार्ग कोणता, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या कथेचा आरंभ मनाच्या नव्हे, तर डोळ्यांच्या आणि त्वचेच्या रोगांपासून होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं न्यूयॉर्क शहराच्या शाळांतून वैद्यकीय तपासणी मोठ्या कसोशीनें चाले. डॉक्टर वर्गांत येत. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा असलेलीं मुलें निवडून काढीत आणि त्यांची घरीं रवानगी करीत. तपासणींत कसर नव्हती. परंतु घरीं गेलेल्या मुलाचें पुढें काय होतें, हें पाहण्याचें काम कोणाकडेच नव्हतें. परदेशांतून नुकत्याच आलेल्या गरीब आईला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा अर्थ कळत नसे. मूल दिवसभर रस्त्यावर हिंडे, शाळा सुटल्यावर त्याच सोबत्यांशीं खेळे, आणि रोग होता तेथेंच राही. ऑक्टोबर १९०२ मध्यें लिलियन वॉल्ड ह्यांच्या सेवासंस्थेंतील लिना रॉजर्स नांवाच्या परिचारिकेकडे चार शाळा आणि सुमारें दहा हजार मुलें एका महिन्याच्या प्रयोगासाठीं सोंपविण्यांत आलीं. तिनें शाळेंतच औषध लावावयास सुरुवात केली आणि संध्याकाळीं घरोघर जाऊन आयांना तें कसें लावावें हें दाखविलें. सप्टेंबर १९०२ मध्यें न्यूयॉर्कच्या शाळांतून दहा हजारांहून अधिक वेळां मुलांना घरीं पाठविण्यांत आलें होतें. पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत ती संख्या अकराशेंच्या घरांत आली.

ह्या जुन्या गोष्टींत आजच्या प्रश्नाचें बीज आहे. रोगी हुडकून काढणें ही एक गोष्ट आणि त्याला बरें करणें ही दुसरी. पहिली करून दुसरी न केली, तर तपासणीचा परिणाम एवढाच होतो कीं, मुलाच्या कपाळीं एक शिक्का बसतो. खरजेच्या बाबतींत जें खरें, तें मनाच्या बाबतींत शतपटीनें खरें आहे.

हिंदुस्थानांत शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ सालीं बडोदें शहरांत झाली, ही महाराष्ट्राच्या शेजारची घटना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. परंतु भोर समितीनें १९४६ सालीं आपला अहवाल सादर केला, तेव्हां देशांत शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहींच, असा निर्वाळा तिला द्यावा लागला. सुरुवात लौकर झाली, विस्तार मात्र झाला नाहीं.

अमेरिकेंत ह्या कल्पनेनें पुढचें पाऊल टाकलें तें १९६० नंतरच्या काळांत. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें, पुढें १९७० मध्यें टेक्सासमधील डॅलस येथें आणि १९७३ मध्यें मिनेसोटामधील सेंट पॉल येथें शाळेच्या आवारांत किंवा शाळेला लागूनच दवाखाने उघडले. उद्देश सरळ होता : जें मूल दवाखान्यापर्यंत जाऊं शकत नाहीं, त्याच्याकडे दवाखान्यानें यावें. २०१६-१७ सालच्या गणतींत अशा केंद्रांची संख्या २,५८४ भरली, आणि त्यानंतर ती वाढतच गेली. दमा, लशी, दांत, डोळे ह्यांच्यासाठीं हीं केंद्रें निघालीं. परंतु तीं चालविणाऱ्यांच्या लौकरच असें लक्षांत आलें कीं, दाराशीं येणाऱ्या मुलांपैकीं पुष्कळांचें खरें दुखणें अंगांत नसून मनांत असतें. म्हणून बहुसंख्य केंद्रांत डॉक्टर व परिचारिका ह्यांच्या जोडीला मनाचा उपचार करणारी व्यक्ति नेमली गेली.

ह्यासाठीं शाळाच कां निवडावी, असें कोणी विचारील. त्याचें पहिलें उत्तर वयांत आहे. २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीप्रमाणें, आयुष्यांत केव्हां तरी मानसिक विकार जडणाऱ्या लोकांपैकीं निम्म्यांच्या विकाराची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे जें दुखणें प्रौढपणीं संसार मोडतें, त्याचा पहिला अंकुर आठवी-नववीच्या वर्गांत फुटतो. दुसरें उत्तर सोयीचें आहे. मनाच्या डॉक्टरकडे जावयाचें म्हटलें कीं, बापाची रजा, गाडीचें भाडें, शेजाऱ्यांची नजर आणि नातेवाइकांचे प्रश्न हे सारे आड येतात. शाळेंतील खोलींत मूल गुडघा खरचटला म्हणूनहि जातें आणि जीव घाबरतो म्हणूनहि जातें. बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत फरक दिसत नाहीं. लाजेचा अर्धा भार तेथेंच उतरतो.

शरीराचें दुखणें हत्तीच्या पावलानें येतें आणि मुंगीच्या पावलानें जातें, अशी आपल्याकडे म्हण आहे. मनाचें दुखणें येतेंहि मुंगीच्याच पावलानें, म्हणून तें येतांना कोणाला ऐकूं येत नाहीं. मुलाला ‘मी उदास आहे’ असें म्हणतां येत नाहीं. तें म्हणतें, ‘डोकें दुखतें’, ‘पोट दुखतें’, ‘शाळेंत जावयाचें नाहीं.’ हें ढोंग नव्हे. दुखणें खरोखरच असतें. म्हणून मनाच्या उपचाराचें दार शरीराच्या दवाखान्यांतच असणें सोयीचें पडतें.

येथवर सर्व ठीक. परंतु डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक ह्यांना एका छपराखालीं बसविलें म्हणजे त्यांचें काम एकत्र होतें, ही समजूत अनुभवाला टिकली नाहीं. एकाच चाळींत राहणारीं कुटुंबें वर्षानुवर्षें एकमेकांच्या घरीं चहालाहि जात नाहींत; तसेंच हें आहे. परिचारिकेच्या नोंदी एका कपाटांत आणि समुपदेशकाच्या दुसऱ्यांत. डॉक्टरनें ‘समुपदेशकाला भेटावें’ अशी चिठ्ठी दिली. मूल तिकडे गेलें कीं नाहीं, हें त्याला तीन महिन्यांनीं कळतें किंवा मुळींच कळत नाहीं. समुपदेशकाचें दिवसाचें वेळापत्रक भरलेलें. ज्या मुलांचा त्रास डोळ्यांवर येतो, बाकें फोडणारीं, मारामारी करणारीं, तींच त्याच्यापुढें उभीं केलीं जातात. जी मुलगी गप्प बसून पोट दाबून धरते, तिचा नंबर लागत नाहीं. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच जबाबदारी नव्हे. बारभाईच्या शेतींत हाताला काय लागतें, हें मराठी माणसाला निराळें सांगावयास नको.

ह्यावरचा उपाय शाळेच्या बाहेर, मोठ्या माणसांच्या दवाखान्यांत प्रथम सांपडला. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत वेन केटन नांवाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. सामान्य डॉक्टरकडे येणाऱ्या नैराश्याच्या रोग्यांना तेथेंच नीट उपचार कसा मिळेल, ह्याचा त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत कसून विचार केला. त्यांतून जी पद्धति निघाली, तिला सहकारी उपचारपद्धति म्हणतां येईल. तिचीं अंगें चार आहेत, आणि चारहि अगदीं साधीं आहेत.

पहिलें अंग म्हणजे पाठपुरावा करणारी एक नेमलेली व्यक्ति. ती परिचारिका असेल, समाजसेविका असेल किंवा समुपदेशक असेल. परंतु अमुक रोग्याची चौकशी अमुक दिवशीं करावयाची, हें तिचें काम असतें, दुसऱ्या कोणाचें नव्हे. रोगी आला नाहीं, तर ती त्याला शोधते.

दुसरें अंग म्हणजे एक सामाईक नोंदवही. तींत प्रत्येक रोग्याचें नांव, पहिल्या भेटीची तारीख, शेवटच्या भेटीची तारीख आणि त्याची प्रकृति सुधारते कीं नाहीं ह्याचा आंकडा असतो. वाण्याच्या उधारीच्या वहींत जशी थकलेली बाकी लगेच डोळ्यांत भरते, तसा ह्या वहींत मागें पडलेला रोगी डोळ्यांत भरला पाहिजे.

तिसरें अंग मोजमापाचें. नैराश्य मोजण्यासाठीं नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली १९९९ सालीं पुढें आली आणि ती आज जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत झोंप कशी होती, भूक कशी होती, कशांत गोडी वाटली कीं नाहीं, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. नववा प्रश्न जिवाविषयींचा आहे : मरून जावें किंवा स्वतःला इजा करावी, असें वाटतें काय? त्याचें उत्तर होकारार्थी आलें, तर तें मूल त्याच दिवशीं, घरीं जाण्यापूर्वीं, जाणत्या व्यक्तीनें एकांतांत भेटलें पाहिजे. ज्या शाळेंत त्याच दिवशीं भेटण्याची सोय नाहीं, तिनें हा प्रश्न विचारण्यापूर्वीं ती सोय करावी. उत्तर मागून मग तिकडे पाठ फिरविणें हें न विचारण्यापेक्षां वाईट.

चौथें अंग तज्ज्ञाचें. मानसोपचारतज्ज्ञ थोडे असतात आणि प्रत्येक मुलाला ते तपासूं शकत नाहींत. म्हणून ते आठवड्यांतून एकदां पाठपुरावा करणाऱ्या व्यक्तीबरोबर तासभर बसतात आणि सबंध नोंदवहीवरून नजर फिरवितात. जो सुधारत आहे, त्याच्याविषयीं बोलण्याची गरज नसते. ज्याचा आंकडा आठ-दहा आठवड्यांत हललेला नाहीं, त्याच्याविषयीं बोलावयाचें आणि उपचार बदलावयाचा. अशा रीतीनें एका तज्ज्ञाचें शहाणपण शेंकडों रोग्यांना पुरतें.

ह्या पद्धतीची परीक्षा झालेली आहे. साठ वर्षांवरील १,८०१ रोग्यांवर केलेला एक मोठा प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षाच्या शेवटीं सहकारी पद्धतीच्या गटांत शेंकडा पंचेचाळीस रोग्यांचीं लक्षणें निम्म्यानें किंवा त्याहून अधिक कमी झालीं होतीं. नेहमींचा उपचार घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा एकोणीस होतें. किशोरवयाच्या मुलांसाठीं वॉशिंग्टन संस्थानांत असाच प्रयोग झाला आणि तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. तेरा ते सतरा वर्षांचीं १०१ मुलें-मुली त्यांत होत्या. बारा महिन्यांनंतर सहकारी पद्धतीखालीं निम्मीं मुलें जवळजवळ लक्षणमुक्त झालीं होतीं. नेहमींच्या पद्धतीखालीं हें प्रमाण एक पंचमांशाच्या आसपास राहिलें. हा दुसरा प्रयोग लहान होता आणि तो शाळेंत नव्हे, तर नेहमींच्या दवाखान्यांत झाला, हें विसरतां कामा नये. तरीहि दोन्हीं ठिकाणीं औषधें नवीं नव्हतीं, संभाषणाची रीत नवी नव्हती. नवें होतें तें एवढेंच कीं, रोगी नजरेआड होऊं दिला गेला नाहीं.

हीच पद्धति शाळेंत आणावयाची, तर शाळेचे स्वतःचे कांहीं नियम मानावे लागतात. पहिला नियम वेळेचा. शाळेंतील मूल वर्षभर आठवड्याला तासभर समुपदेशकाकडे बसूं शकत नाहीं. तास बुडतो, सोबती विचारतात. वॉशिंग्टन विद्यापीठांतील मंडळींनीं म्हणून चार भेटींची एक आटोपशीर पद्धति तयार केली. पहिल्या भेटींत मुलाच्या दृष्टीनें सर्वांत जाचणारी अडचण कोणती, तें ठरवावयाचें. पुढच्या भेटींत ती सोडविण्याचा एक-एक उपाय करून पाहावयाचा. चौथ्या भेटीच्या अखेर सर्वांनीं मिळून ठरवावयाचें कीं, एवढें पुरे, कीं अधिक उपचार हवा, कीं बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवावें. चार भेटींनंतर निर्णय होतोच, हा तिचा मोठा गुण.

दुसरा नियम सुटीचा. दवाखाना बारा महिने चालतो, शाळा चालत नाहीं. परीक्षा संपते, दारें बंद होतात आणि उपचाराचा धागा तुटतो. त्यांतच निकालाचे दिवस येतात. म्हणून सुटी लागण्यापूर्वीं नोंदवहींतील प्रत्येक नांवासमोर एक उत्तर लिहिलेलें असलें पाहिजे : सुटींत ह्या मुलाची चौकशी कोण करणार आणि कोणत्या दिवशीं.

तिसरा नियम गुप्ततेचा, आणि खरी कसोटी येथेंच लागते. एकत्र काम करावयाचें म्हणजे एकमेकांना सांगावें लागतें. आणि मूल बोलतें तें तर ह्या भरंवशावर कीं, हें कोणाला सांगितलें जाणार नाहीं. अमेरिकेंत शाळेच्या नोंदींना १९७४ सालचा एक कायदा लागू होतो आणि दवाखान्याच्या नोंदींना १९९६ सालचा दुसरा. त्यामुळें एकाच बोळांत समोरासमोर बसलेलीं दोन माणसें एकाच मुलाविषयीं बोलावयास कचरतात. वॉशिंग्टन संस्थानांत तेराव्या वर्षापासून मूल स्वतःच्या संमतीनें मनाचा उपचार घेऊं शकतें. भारतांत २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतींत पालकाचा शब्द लागतो; आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें ती पोलिसांना कळविणें बंधनकारक आहे.

ह्यांतून वाट काढण्याचा एकच प्रामाणिक मार्ग आहे : काय गुप्त राहील आणि काय राहणार नाहीं, हें पहिल्या दहा मिनिटांतच मुलाला त्याच्या भाषेंत सांगणें. तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करीत असेल, तर मोठ्यांना सांगावें लागेल; बाकीचें तुला विचारल्यावांचून सांगितलें जाणार नाहीं. शिक्षकाला कारण कळण्याची गरजच बहुधा नसते; त्याला कृति कळली म्हणजे पुरे. ‘पुढील पंधरा दिवस ह्या मुलीला फळ्यापाशीं उभें करूं नये, आणि ती बाहेर जाऊं म्हणाली तर जाऊं द्यावें,’ एवढ्या दोन ओळींनीं शिक्षक उपचारांत सामील होतो, आणि मुलीचें गुपितहि अबाधित राहतें.

आतां ह्या देशाकडे वळावयाचें. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत मानसिक विकारांचें प्रमाण शेंकडा ७.३ आढळलें. साठ मुलांच्या वर्गांत हीं चार-पांच मुलें होतात. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या मात्र, २०१९ सालीं मांडलेल्या एका हिशेबाप्रमाणें, लाख लोकांमागें एकहि पुरी भरत नव्हती. अशा देशांत ‘मुलाला तज्ज्ञाकडे न्या’ हा उपदेश बहुसंख्य घरांच्या बाबतींत निरर्थक ठरतो. थोड्या तज्ज्ञांनीं अनेकांच्या हातून काम करविणें, ही येथें हौसेची बाब नसून निकडीची आहे.

ह्या दिशेनें झालेल्या कामांत गोमंतकाचा वाटा मोठा आहे. १९९६ सालीं गोव्यांत स्थापन झालेल्या ‘संगाथ’ ह्या संस्थेनें, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखालीं, सामान्य शिक्षण झालेल्या स्त्री-पुरुषांना शिकवून त्यांच्या हातून मनाचा उपचार करविण्याचे प्रयोग केले. त्यांपैकीं एक बिहारमधील नालंदा जिल्ह्याच्या चौऱ्याहत्तर माध्यमिक शाळांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. कांहीं शाळांत हा कार्यक्रम चालविण्यासाठीं बाहेरून एक शिकविलेला समुपदेशक नेमला. कांहींत तोच कार्यक्रम शाळेंतील एका शिक्षकाकडे दिला. उरलेल्यांत नेहमींचेंच काम चालूं ठेवलें. समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण सुधारलें. दादागिरी, मारामारी आणि नैराश्य कमी झालें. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं.

हा निष्कर्ष शिक्षकांची निंदा करण्यासाठीं वापरणें अन्यायाचें होईल. ज्याच्या माथ्यावर सहा तास, तपासणीच्या वह्या, निवडणुकीचें काम आणि जनगणना आहे, त्याच्या वेळापत्रकांत मन लावून ऐकण्याचा तास कोठून यावा? शिवाय जो गुण देतो, त्याच्यापाशीं आपलें उणें उघडें करणें मुलाला अवघड जाणारच. परंतु धोरण आंखणारांनीं ह्यांतून एक धडा घेतला पाहिजे. २०२० सालीं सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या शालेय आरोग्य कार्यक्रमांत प्रत्येक शाळेंतील दोन शिक्षकांना आरोग्याचे दूत नेमण्याची योजना आहे. ती उपयोगी आहे; तथापि शिक्षक हा दाराकडे बोट दाखवूं शकतो, दारामागें बसणारें माणूस निराळें असावें लागतें. जुलै २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत निदान एक पात्र समुपदेशक असावा, असें मार्गदर्शक तत्त्व घालून दिलें, तें ह्याच दृष्टीनें महत्त्वाचें.

यशाचे आंकडे सांगतांना मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. दिल्लीच्या सरकारी शाळांतील अडीचशें विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. अडचणी सोडविण्याची रीत समुपदेशकाकडून शिकलेल्या मुलांना, नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षां, स्वतः सांगितलेल्या अडचणींत अधिक आराम वाटला. परंतु विकाराच्या लक्षणांच्या मापांत सहा आठवड्यांच्या अखेर दोन गटांत स्पष्ट फरक दिसला नाहीं. ब्रिटनमध्यें पंचाऐंशीं शाळांच्या एका प्रयोगांत कांहीं शाळांतील मुलांना सरसकट ध्यानाचे धडे देऊन पाहिले. २०२२ च्या निष्कर्षाप्रमाणें त्या धड्यांनीं नेहमींच्या शिकवणीहून अधिक फायदा झाला नाहीं. सर्व मुलांवर एकच काढा शिंपडून भागत नाहीं. ज्याला गरज आहे त्याला शोधून, त्याचा हात धरून, तो बरा होईपर्यंत सोबत करणें, ह्याला दुसरा पर्याय दिसत नाहीं.

सुशिक्षित घरांतून दोन आक्षेप नेहमीं येतात. पहिला असा कीं, ‘आमच्या लहानपणीं हीं थेरें नव्हतीं, मुलें आपोआप सुधारत.’ कित्येक सुधारत, हें खरें. परंतु जीं सुधारलीं नाहींत, त्यांच्याविषयीं घरांत बोलणेंच बंद झालें, म्हणून तीं स्मरणांत उरलीं नाहींत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : ‘अशानें वयाबरोबर येणाऱ्या साध्या दुःखालाहि रोग म्हटलें जाईल.’ ही भीति खोटी नव्हे. परीक्षेपूर्वींची धास्ती, मैत्रिणीशीं झालेलें भांडण, आजोबांच्या मृत्यूचें दुःख हे रोग नव्हेत. पण मोजमापाचा आणि ठरलेल्या भेटींचा उपयोग येथेंच आहे. चार भेटींत जें दुःख ओसरलें, त्याला नांव देण्याची गरज नाहीं. जें ओसरलें नाहीं, त्याला केवळ ‘वय’ म्हणून सोडून देण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

तेव्हां पालकांनीं शाळेला भव्य योजना मागण्यापेक्षां चार साधे प्रश्न विचारावे. मूल वारंवार डोकें किंवा पोट दुखतें म्हणून येत असेल, तर त्या भेटी कोणी मोजतें काय? समुपदेशकाकडे पाठविलेलें मूल तेथें पोहोंचलें कीं नाहीं, हें कोण पाहतें? परिचारिका, समुपदेशक आणि डॉक्टर ठरलेल्या दिवशीं एकत्र बसून नोंदवही पाहतात काय? आणि सुटींत व संकटांत कोणाला हांक मारावयाची? शेवटच्या प्रश्नाला ऑक्टोबर २०२२ पासून एक सार्वजनिक उत्तर उपलब्ध आहे : केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा, क्रमांक १४४१६. शाळेंत कोणी नसलें, तरी हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर असण्यास खर्च येत नाहीं.

आरंभींच्या त्या मुलीकडे पुन्हां एकदां पाहावें. समजा, परिचारिकेनें तिसऱ्या भेटीच्या वेळीं वहींत खूण केली. समुपदेशक बाईंनीं परीक्षेमुळें राहिलेली भेट परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशीं ठेवली. आईला बोलावून झोंपेविषयीं विचारलें. आणि शुक्रवारीं तज्ज्ञाबरोबर बसतांना तिचें नांव वाचलें गेलें. ह्यांपैकीं कोणतीहि गोष्ट कठीण नाहीं. एकीलाहि मोठें यंत्र लागत नाहीं. पांच माणसांचे पांच तुकडे एका पानावर आले, एवढेंच. लिना रॉजर्सनें शंभर वर्षांपूर्वीं मलमाची डबी घेऊन जो जिना चढला, तोच जिना आतां मनाच्या बाबतींत चढावयाचा आहे. मूल शाळेच्या दारांत रोज येतें. तें कशासाठीं आलें, हें विचारणारें आणि उत्तर मिळेपर्यंत न विसरणारें एक माणूस तेथें असलें पाहिजे.